काचेच्या इमारतींमध्ये केऑस लहरींवर बिनतारी जोडणी कशी उभारावी

नवी मुंबईतल्या ऐरोलीत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पाठवलेली रेडिओ लहर सरळ वाटेने पोहोचते, तशीच समोरच्या काचेच्या इमारतींवर आपटूनही पोहोचते, आणि या प्रतिध्वनींमुळे वारंवारतेच्या अरुंद पट्ट्यातला संदेश कधीकधी पूर्णपणे बुडतो. रुंद पट्ट्यात पसरलेली केऑटिक लहर, म्हणजे ठरावीक सूत्रातून निघूनही गोंगाटासारखी अनियमित दिसणारी लहर, इथे उपयोगी पडते.

पेकोरा आणि कॅरल या संशोधकांनी १९९० साली दोन केऑटिक प्रणाली एकतालात आणता येतात हे दाखवले, म्हणून अनेक विद्यार्थी प्रकल्पाची सुरुवात तिथूनच करतात. परंतु गोंगाटात हा ताल टिकवणे फार कठीण असते. माझ्या मते १९९६ साली मांडलेल्या ‘डिफरन्शियल केऑस शिफ्ट कीइंग’ या पद्धतीनेच आरंभ करावा. तिच्यात प्रत्येक बिटच्या पहिल्या अर्ध्या काळात केऑटिक तुकडा जातो आणि दुसऱ्या अर्ध्या काळात बिट १ असेल तर तोच तुकडा, ० असेल तर त्याची उलटी प्रत जाते. दोन्ही तुकडे एकाच वाटेने येत असल्यामुळे ग्राहकाला, म्हणजे लहर घेणाऱ्या रेडिओला, मूळ लहर ठाऊक असावी लागत नाही. निम्मी ऊर्जा संदर्भावर, म्हणजे पहिल्या तुकड्यावर, खर्च होते, ही या सोयीची खरी किंमत आहे.

लहर तयार करण्यासाठी ‘नवा क्ष = १ − २क्ष²’ हे सूत्र वापरावे, कारण त्याची सरासरी शून्य असते; मात्र ०, ०.५ किंवा १ यांपासून सुरुवात केल्यास क्रम एकाच किमतीवर अडकतो. अर्ध्या बिटला ६४ नमुने (सूत्रातून निघालेल्या एकेक किमती) आणि सेकंदाला १० लाख नमुने ठेवावेत. ३०० मीटर जास्त चालून आलेला प्रतिध्वनी सुमारे १ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो, जो ६४ मायक्रोसेकंदांपुढे क्षुल्लक आहे. वेग सेकंदाला सुमारे ७,८०० बिट मिळतो. पाण्याच्या टाकीची पातळी कळवायला तो पुरेसा आहे, व्हिडिओला नाही.

रेडिओतले नमुने संमिश्र (कॉम्प्लेक्स) संख्या असतात, म्हणून ग्राहकाने पहिल्या तुकड्याच्या कॉन्जुगेटने (काल्पनिक भागाचे चिन्ह उलटवलेल्या प्रतीने) दुसऱ्या तुकड्याला नमुन्यागणिक गुणून बेरीज करावी आणि तिच्या वास्तव भागाच्या चिन्हावरून बिट ठरवावा.

संगणकावर हे सहज जमते, खऱ्या रेडिओवर मात्र एक अडचण हमखास येते. २.४ गिगाहर्ट्झवर दोन्ही रेडिओंच्या वारंवारतेत दशलक्षांत २ भागांचा फरक असला, तरी ६४ मायक्रोसेकंदांत लहरीची कला (फेज) सुमारे ११० अंश फिरते आणि बिट उलटे वाचले जातात. म्हणून प्रत्येक पॅकेटच्या (एकत्र पाठवलेल्या बिटांच्या गटाच्या) आरंभी ओळखीचे १६ बिट १ या किमतीचे पाठवावेत, त्यांच्या एकत्रित बेरजेचा कोन मोजावा आणि पुढच्या सर्व बेरजा तेवढ्याच कोनाने उलट फिरवून मगच चिन्ह पाहावे.