स्टुटगार्टला निघण्याआधी घराचं एवढं वाचून घ्या

मागच्या दिवाळीत मी अमळनेरला घरी होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर तिघं येऊन बसली. माझा मावसभाऊ, त्याचा धुळ्याचा मित्र आणि चोपड्याची एक मुलगी. तिचं नर्सिंग झालंय आणि जर्मनची बी-टू परीक्षाही ती पास आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी (स्टुटगार्ट ही त्याची राजधानी) कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडून तिकडे जायचं म्हणणारी मुलं बरीच वाढली आहेत. व्हिसा, थंडीचे कपडे, पापड-मसाला, तिघांच्या याद्या तयार होत्या. घराचं काय, असं विचारलं तर भाऊ म्हणाला, "तिथं गेल्यावर पाहू ना दादा. आठ दिवसांत भेटून जाईल."

त्याला असं वाटणं साहजिक आहे. जळगावला शिकायला जायचं ठरलं की पप्पा महाबळमधल्या कुणा ओळखीच्याला फोन करतात, "पोरगा येतोय, खोली पाहून ठेवा," आणि संध्याकाळपर्यंत खोली ठरते. पुण्यात डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार, की झालं. मीही २०१४ च्या ऑक्टोबरात याच समजुतीने स्टुटगार्टला उतरलो आणि पहिलं घर हातात यायला पाच महिने लागले. तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

तिथला मालक इतकी चौकशी का करतो, हे आधी समजून घ्या. जर्मनीत भाड्याचा करार बहुतेक वेळा बेमुदत असतो. भाडेकरू नियमित भाडं देत असेल तर मालकाला सबळ कारणाशिवाय त्याला काढता येत नाही. अकरा महिने झाले, आता खोली खाली करा, ही सोय तिथे नाही. त्यामुळे आपण कुणाला तरी दहा-पंधरा वर्षांसाठी घरात घेतोय, असाच विचार तो करतो. तुम्ही भाडं थोडं जास्त द्यायला तयार झालात तरी त्याचा जीव निश्चिंत होत नाही. तुमच्याबद्दल खात्री वाटली तरच होतो, आणि ती खात्री आपले काका-मामा देऊ शकत नाहीत. ती कागद देतात.

म्हणून फाइल इथूनच तयार करून न्या. नोकरीचा करार किंवा प्रवेशपत्र, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, असतील तर शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आणि स्वतःबद्दल अर्धं पान जर्मनमध्ये: कोण आहात, काय काम करणार, किती वर्षं राहायचा विचार आहे, सिगारेट ओढता का, कुत्रा-मांजर आहे का. तिथला मालक शूफाचा दाखला मागतो, म्हणजे तुमची कुठे उधारी थकली आहे का याचा कागद. नव्या माणसाच्या नावावर तिथे काहीच नोंद नसते, आणि रिकामा दाखला बघून मालक बिचकतो. त्यावर मला लागू पडलेला उपाय सांगतो. पुण्यातल्या माझ्या घरमालकांकडून मी इंग्रजीत पत्र मागवलं: हा तीन वर्षं राहिला, भाडं कधी थकलं नाही, घर नीट ठेवलं. खाली सही आणि फोन नंबर. चोपड्याच्या ताईने होस्टेलच्या वॉर्डनकडून असं पत्र आताच घेऊन ठेवावं. निघायच्या घाईत ते राहून जातं.

आता अडकित्त्यात सापडायची जागा. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो आणि नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो. तो नसेल तर पगारातून कर सगळ्यात चढ्या दराने कापला जातो. बऱ्याच बँकांत खातं उघडायला आणि निवासाच्या परवान्यालाही हीच नोंद लागते. थोडक्यात, घराशिवाय कागद नाही आणि कागदाशिवाय घर नाही. यातून सुटायला पहिले दोन-तीन महिने तात्पुरती खोली घ्या, पण पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: इथे आनमेल्डुंग करता येईल का? अनेक स्वस्त खोल्यांचे मालक नाही म्हणतात. तसं असेल तर दुसरी बघा, थोडी महाग पडली तरी.

माझ्या चुकीचंही सांगतो, कारण तीच चूक दरवर्षी कुणीतरी करतं. पहिल्या महिन्यात एका जाहिरातीत दोन खोल्यांचं सुंदर घर दिसलं. गॅलरी, लाकडी फरशी, स्टेशन जवळ आणि भाडं आसपासच्या घरांच्या निम्मं. मालकाचा गोड मेल आला: मी कामानिमित्त दुसऱ्या देशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरियरने पाठवतो. सोबत पासपोर्टचा फोटो होता. मी आठशे युरो पाठवले. चावी आली नाही. पोलिसांत तक्रार केली, पण पैसे परत मिळाले नाहीत. पप्पांनी त्या वर्षीचा कापूस विकून मला दिलेल्या रकमेतले ते आठशे होते, आणि पुढचे कितीतरी महिने मी घरी हे बोललो नाही. घर डोळ्यांनी पाहून, करारावर सही होईपर्यंत एक युरोही कुणाला पाठवू नका. तुम्ही स्वतः तिथे नसाल तर तिकडे राहणाऱ्या आमच्यापैकी कुणाला पाठवा. आम्ही जाऊ.

घर बघायला बोलावणं आलं की पाच मिनिटं आधी पोहोचा. माझ्या एका भेटीला जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात फाइल. आत पाच-सहा मिनिटं मिळतात. हात मिळवा, नाव स्पष्ट सांगा, दोन वाक्यं का होईना जर्मनमध्ये बोला, फाइल द्या, आणि त्याच संध्याकाळी आभाराचा मेल करा. माझं घर शेवटी ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यामुळे मिळालं. त्यांच्या शेजारच्या आजींचा वरचा मजला रिकामा होत होता. आजींनी पगार विचारण्याआधी विचारलं, "जिना झाडाल का?" स्टुटगार्टच्या भागात केअरवोखे नावाची जुनी पद्धत आहे. आठवड्याची पाळी आली की दारावर पाटी लागते, आणि त्या आठवड्यात जिना आणि घरासमोरचा रस्ता तुम्ही झाडायचा. आजी फरशीवरून बोट फिरवून बघायच्या. मी अकरा आठवड्यांत एकही पाळी चुकवली नाही, आणि पुढे त्यांनीच माझ्या दोन मित्रांसाठी शब्द टाकला. म्हणून कामावर, भाषेच्या वर्गात, तिथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत, सगळ्यांना सांगून ठेवा की घर शोधतोय. यात लाजायचं काही नाही.

आकड्यांचंही पाहून घ्या. जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे गरम पाणी, हीटर, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळं. वर्षाअखेरी हिशोब होतो आणि हीटर जास्त चालला असेल तर फरक भरावा लागतो, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात थोडे पैसे बाजूला ठेवा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी असते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. दलालीचा नियम जून २०१५ पासून असा आहे की ज्याने दलाल लावला त्याने पैसे द्यायचे. मालकाच्या दलालाने तुमच्याकडे मागितले तर देऊ नका. खोल्या मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. दोन खोल्यांचं घर म्हणजे आपला वन बीएचके, हॉलही खोलीत धरतात. विद्यार्थ्यांनी प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज करावा. ब्लॉक खात्यातून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरोच मिळतात, त्यात शहरातलं खासगी घर फार जड जातं. आणि स्टुटगार्ट शहराचाच हट्ट धरू नका. एस्लिंगेन, ल्युडविग्सबुर्ग, बोब्लिंगेन, सगळीकडे एस-बान, म्हणजे तिथली लोकल, जाते.

स्वयंपाकघराबद्दल आईला आधीच सांगून ठेवा. बऱ्याच घरांत ते नसतंच. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून दोन नळ्या आणि एक सॉकेट बाहेर आलेलं. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो. मी सहा आठवडे खाली बसून एका इंडक्शनवर खिचडी केली आणि भांडी न्हाणीघराच्या बेसिनमध्ये घासली. जुना भाडेकरू ते विकायला तयार असेल तर बोलून घ्या, नवं करण्यापेक्षा स्वस्त पडतं. वांगी भाजायला गॅसची आच मिळणार नाही. ओव्हनमध्ये भाजा, भरीत चांगलं होतं. छताला धुराची घंटी असते, मिरचीच्या फोडणीने ती वाजते, म्हणून आधी खिडकी पूर्ण उघडा. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि तिचा खर्च तुमच्या अनामतीतून कापायची भाषा होते.

चावी मिळेल त्या दिवशी मालकासमोर घरभर फिरा. प्रत्येक ओरखडा, डाग आणि मीटरचे आकडे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. आणि त्याच संध्याकाळी पत्रपेटीवर आणि बेलवर तुमचं नाव लावा, पासपोर्टवर आहे तसंच. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव वाचून टपाल टाकतो. माझं नाव नव्हतं म्हणून कर क्रमांकाचं पत्र परत गेलं होतं. पाटी नसेल तर साध्या कागदावर पेनाने लिहून चिकटपट्टीने लावा, पण त्याच दिवशी लावा.