इंग्रजीतलं लिंकिंग व्हर्ब आणि त्याचं पूरक कसं ओळखावं

'ही मेट अ टीचर' आणि 'ही बिकेम अ टीचर'. पहिल्या वाक्यात माणसं दोन, दुसऱ्यात एकच. 'मेट'नंतरचा टीचर हे कर्म. 'बिकेम'नंतरचा टीचर म्हणजे खुद्द कर्ताच, म्हणून तो सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट; आणि दोघांना जोडणारं 'बिकेम' हे लिंकिंग व्हर्ब. 'तो शिक्षक झाला' यातल्या 'शिक्षक'ला मराठी व्याकरण विधानपूरक म्हणतं, तेच हे.

आधी मुख्य क्रियापद शोधा. 'शी इज रनिंग' यातलं 'इज' नुसतं सहायक आहे, तिथे पूरक शोधू नका. 'शी इज अ रनर' यात मात्र 'इज' मुख्य आहे आणि 'रनर' हे पूरक. 'सीम' आणि 'बिकम' यांचा फारसा त्रास नाही.

घोळ होतो तो लुक, साउंड, स्मेल, टेस्ट, फील, टर्न, ग्रो यांच्यापाशी, कारण ही क्रियापदं दोन्हीकडे असतात. त्यांच्या जागी 'इज' किंवा 'वॉज' घालून पाहा. 'ही टर्न्ड पेल'चं 'ही वॉज पेल' होतं, म्हणजे लिंकिंग. 'ही टर्न्ड द पेज'चं 'ही वॉज द पेज' केलं, तर माणसाचं पान होतं! इथे 'पेज' हे कर्म.

लिंकिंग ठरलं की पुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. 'द सूप टेस्ट्स गुड' बरोबर, 'वेल' चूक. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली; 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम' म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं. 'द डॉग स्मेल्स बॅड' म्हणजे कुत्र्याला वास येतो. 'बॅडली' म्हटलंत, तर दोष त्याच्या नाकात निघतो.

इथे मराठीवर विसंबू नका. 'भाजी चांगली लागते' आणि 'ती चांगली गाते', दोन्हीकडे आपण 'चांगली'च म्हणतो. त्यामुळे 'शी सिंग्ज गुड' सहज तोंडी येतं. 'इज' घालून पाहा: 'शी इज गुड' म्हणजे ती चांगली आहे, गाण्याचा पत्ताच नाही. म्हणून 'शी सिंग्ज वेल'.

पूरक अनेकवचनी असलं, तरी क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं: 'द प्रॉब्लेम इज द ओल्ड वायर्स'. कानाला खटकतं म्हणून तिथे 'आर' करू नका; 'द ओल्ड वायर्स' कर्त्याच्या जागी आणलंत, तरच 'आर' येईल.