ब्रिटनमध्ये पार्ट-टाइम नोकरी: साहेबांनी कामाचे वार बदलले तर

नवीन आलेल्या आपल्या घरांमध्ये बहुतेकदा एक जण पूर्ण वेळ नोकरीत असतो आणि दुसरा डिपेंडंट व्हिसावर आठवड्याचे तीन दिवस काम करतो. दुकानात, शाळेच्या किचनमध्ये, केअर होममध्ये किंवा एखाद्या ऑफिसात. मुलाची नर्सरीही त्याच तीन दिवसांची घेतलेली असते. मग मॅनेजर जाता जाता सांगतो, ‘पुढच्या महिन्यापासून मंगळवार-बुधवार-गुरुवार नको, सोमवार-मंगळवार-शुक्रवार या.’ आणि आपण संकोचापोटी ‘ओके’ म्हणून मोकळे होतो. माझी कळकळीची विनंती आहे, तिथल्या तिथे हो म्हणू नका. ‘घरी बघून उद्या लेखी कळवते’ एवढंच म्हणा. यात उद्धटपणा नाही आणि इथे कोणी तो तसा मानतही नाही.

पुढे लिहिलंय ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी. उत्तर आयर्लंडचा कामगार कायदा वेगळा आहे.

घरी आल्यावर आधी काँट्रॅक्ट काढा. ६ एप्रिल २०२० पासून रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी नोकरीच्या अटी लेखी मिळायला हव्यात. आठवड्यातले कोणते वार, किती तास आणि ते बदलू शकतात का, बदलत असतील तर कसे, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. कागद मिळालाच नसेल तर ईमेल करून मागा. वार स्पष्ट लिहिलेले असतील तर ती कराराची अट झाली, आणि कराराची अट मालकाला एकट्याने बदलता येत नाही, तुमची संमती लागते. ‘व्यवसायाच्या गरजेनुसार दिवस बदलू शकतो’ अशी ओळ असेल तर त्यांची बाजू बळकट होते. तरीही पुरेशी आगाऊ सूचना न देता, तुमच्या अडचणीचा विचारही न करता ती ओळ वापरणं योग्य धरलं जात नाही. कागदावर वार नाहीत, पण वर्षानुवर्षं तेच वार चालत आलेत, अशा वेळीही ते कराराचा भाग झाले असा दावा मांडता येतो. मात्र तो मान्य होईलच असं नाही, म्हणून जुने रोटा (शिफ्टची वेळापत्रकं) आणि पेस्लिप जपून ठेवा.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते गप्प बसण्याने. आपल्याला लहानपणापासून वरिष्ठांसमोर मूग गिळून बसायची सवय. इथे मात्र नवे वार तुम्ही तक्रार न करता काही महिने पाळलेत, तर तुम्ही ते मान्य केले असाच अर्थ निघू शकतो. पगार थांबू नये म्हणून नव्या दिवशी कामावर जावं लागलं तर जरूर जा, पण त्याच आठवड्यात ईमेल टाका: हा बदल मला मान्य नाही, मी सध्या ‘अंडर प्रोटेस्ट’ काम करते आहे, आणि माझी अडचण अमुक आहे. हेच दोन शब्द वापरा, एचआरला त्यांचा अर्थ नेमका कळतो. नर्सरीचे दिवस ठरलेले असतात आणि बदलायला नोटीस द्यावी लागते, हेही लिहा. सोबत स्वतःहून एखादा तोडगा सुचवा, दोन महिन्यांची मुदत किंवा तीनपैकी एकच वार बदलणं. माझ्या पाहण्यात बरीच प्रकरणं इथेच मिटली आहेत. नाही मिटलं, तर लेखी ग्रीव्हन्स, म्हणजे कंपनीकडे रीतसर तक्रार, ही पुढची पायरी.

मुलं सांभाळण्यामुळे नवे वार जमत नसतील तर २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट, म्हणजे भेदभावाविरुद्धचा कायदा, तुमच्या कामी येऊ शकतो. मुलांचा भार स्त्रियांवर जास्त पडतो ही वस्तुस्थिती ट्रायब्युनलने (नोकरीच्या वादांच्या न्यायालयाने) गृहीत धरायलाच हवी, असं २०२१ मध्ये एका कम्युनिटी नर्सच्या अपिलात ठरलं. तिचे कामाचे वार ठरलेले होते आणि तिला अधूनमधून वीकेंडलाही यायला सांगितलं होतं. अर्थात, बदलामागे खरी गरज होती आणि तो प्रमाणात होता, हे मालकाने दाखवलं तर दावा हरू शकतो. पण भेदभावाच्या दाव्याला नोकरीत अमुक वर्षं झालेली असावीत अशी अट नाही, आणि नवीन आलेल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

तुम्हालाही मागता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फ्लेक्सिबल वर्किंगचा, म्हणजे आपल्या सोयीचे वार-वेळा मागण्याचा, अर्ज करता येतो, बारा महिन्यांत दोनदा. ठरावीक वार मागणं त्यात बसतं. मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि नकार देण्याआधी तुमच्याशी बोलायचं असतं.

सुट्ट्यांचा हिशेबही तपासा. कायद्याने वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा मिळते, म्हणजे तीन दिवसांच्या नोकरीला १६.८ दिवस. इंग्लंडमध्ये वर्षाच्या आठ बँक हॉलिडेंपैकी (सार्वजनिक सुट्ट्यांपैकी) चार एरवी सोमवारीच येतात, शिवाय गुड फ्रायडे. त्या दिवशी ऑफिस बंद असेल आणि बँक हॉलिडे तुमच्या रजेतूनच कापत असतील, तर वार सोमवार-शुक्रवारवर गेल्याने दिवाळीत किंवा गणपतीत गावी जायला उरणारी रजा आटते. पार्ट-टाइम आहात म्हणून फुल-टाइम सहकाऱ्यांपेक्षा वाईट वागवता येत नाही, असा २००० सालापासूनचा नियम आहे. त्याचा हवाला देऊन रजेचा हिशेब लेखी मागा.

विद्यार्थ्यांनी आणखी एक सांभाळायचं. डिग्रीच्या विद्यार्थ्यांना टर्ममध्ये आठवड्याला बहुधा २० तासांची मर्यादा असते, आणि व्हिसाच्या नियमात आठवडा सोमवारी सुरू होतो. रविवारची शिफ्ट सोमवारवर ढकलली की ते तास पुढच्या आठवड्यात मोजले जातात आणि नकळत मर्यादा ओलांडली जाते. मॅनेजरला हे माहीत असेलच असं नाही. व्हिसा तुमचा आहे, तेव्हा तास तुम्हीच मोजा.

रागाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नका. मालकाने करार मोडल्यामुळे नोकरी सोडावी लागली हे सिद्ध करणं अवघड असतं. स्पॉन्सर्ड व्हिसावर असाल तर मालक होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या गृहखात्याला) कळवतो आणि व्हिसाची उरलेली मुदत ६० दिवसांवर येऊ शकते. आधी एकासच्या (Acas, नोकरीतल्या वादांवर सल्ला देणारी आणि समेट घडवणारी सरकारी संस्था) हेल्पलाइनला फोन करा, ०३०० १२३ ११००. सल्ला मोफत असतो आणि तुमच्या मालकाला काही कळवलं जात नाही. मोफत सल्ला देणारी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही संस्थाही आहे. युनियनचं सदस्यत्व भांडण सुरू होण्याआधीच घ्या, कारण आधीपासूनच्या वादात युनियन बहुधा मदत करत नाही. ट्रायब्युनलपर्यंत जायची वेळ आलीच, तर तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढीच मुदत हातात आहे असं धरून चाला आणि त्याच्या आत एकासकडे अर्ली कन्सिलिएशनची, म्हणजे दाव्याआधीच्या समेटाच्या प्रयत्नाची, नोंद करा. ग्रीव्हन्स चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.