व्हॅक्यूम क्लीनर ओढत नाही? आधी हवेची वाट तपासा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: आवाज भरपूर, पण ओढत नाही. मोटर गेली, हे मालकाने घरूनच ठरवून आणलेलं असतं. मी झाकण उघडते तर पिशवी ठासून भरलेली, फिल्टरवर धुळीचा जाड थर, नाहीतर पाइपच्या वाकणात लहान मुलाचा मोजा. मोटर ठणठणीत असते.

मुळात हे यंत्र म्हणजे एक पंखा आणि एक गाळणी, बाकी सगळा सांगाडा. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने १९०१ साली आपलं धूळ ओढणारं यंत्र काढलं. त्याआधी त्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं होतं आणि ती उडवण्याऐवजी ओढून घ्यावी असं त्याच्या मनात आलं. खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली, तर रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली. यंत्रं कितीही बदलली तरी काम तेच चाललंय: हवा आत घ्यायची, धूळ अडवायची, हवा बाहेर सोडायची. यातलं कुठेही तुंबलं की ओढ गेली. शिवाय कोरडा कचरा ओढणाऱ्या बहुतेक घरगुती मशीनमध्ये आत घेतलेली हीच हवा पुढे मोटरवरून जाऊन तिला गार ठेवते. म्हणजे तुंबलेलं मशीन रेटत राहिलात तर आज मोटर चांगली असली तरी उद्या खरंच जाईल.

तुंबलंय हे कानाला आधी कळतं. आवाज चढतो, किंचाळल्यासारखा बारीक होतो. लोकांना वाटतं मशीन जास्त जोर लावतंय. प्रत्यक्षात उलट असतं. पंख्याला ढकलायला पुरेशी हवाच मिळत नाही, त्याच्यावरचा भार कमी होतो आणि मोटर जास्त वेगाने फिरते. असा आवाज आला की बंद करा.

मग कुठे तुंबलंय ते शोधायचं. पाइप, दांडा, ब्रश सगळं सुटं करा. नुसतं मशीन चालू करून जिथे पाइप बसतो त्या तोंडावर तळहात धरा, दोन-तीन सेकंदच. तळहात घट्ट ओढला जातोय? मग पिशवी, फिल्टर, मोटर ठीक आहेत. आता पाइप लावा आणि त्याच्या टोकाला हात धरा. मग दांडा, मग ब्रश. जो भाग जोडल्यावर ओढ पडली, दोष त्याच भागात. पहिल्याच तोंडाशी ओढ नसेल तर पिशवी किंवा डबा रिकामा करून आणि फिल्टर साफ करून पुन्हा बघा. एवढं केलं तर पुष्कळ जणांना माझ्याकडे यावंच लागणार नाही, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

पाइपमध्ये काही अडकलंय का हे बघायला एक गोटी सोडा. पाइप उभा धरल्यावर ती दुसऱ्या टोकाने खाली पडली तर वाट मोकळी. अडकलेली वस्तू काढायला तार घालू नका, पाइप आतून फाटतो. झाडूचा गुळगुळीत दांडा हलक्या हाताने घाला, आणि ज्या बाजूने वस्तू आत गेली त्याच बाजूला परत ढकला. हवेबरोबर पुढे ढकललीत तर ती आणखी घट्ट बसते. पाइपला बारीक भोक असेल तर तिथून हवा आत जाते आणि पुढची ओढ कमी होते. चिकटपट्टीने तात्पुरतं भागतं, पण पाइप बदलायचाच.

कागदी पिशवी तीन चतुर्थांश भरली की बदला. झटकून परत वापरणारे भेटतात. त्यांना मी पिशवी उजेडासमोर धरून दाखवते: कचरा गेला, पण कागदाची छिद्रं बारीक धुळीने बुजलेलीच असतात. कापडी पिशवी मात्र परत वापरायलाच केलेली असते. ती घराबाहेर झटका, तोंडाला रुमाल बांधून. डब्याचं मशीन असेल तर डबा दर वेळी रिकामा करा, आणि आतल्या छिद्रांच्या जाळीवरचे केस, कापूस कोरड्या ब्रशने काढा. डबा धुतलात तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ज्या भागात वायर किंवा मोटर आहे तो पाण्याखाली अजिबात नाही.

फिल्टरचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गडबड इथेच होते. प्रत्येक फिल्टर धुता येत नाही. धुण्याजोगा असेल तर तसं त्यावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. फोमचा फिल्टर साध्या पाण्याखाली दाबून दाबून धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पिळायचा नाही, साबण नको, गरम पाणी नको. मग सावलीत, वारा लागेल असा किमान २४ तास ठेवा. वरून कोरडा लागला तरी बोटांनी दाबून बघा; आत ओल असली तर गार लागतो. ओला फिल्टर बसवला की धूळ चिखल होऊन त्यात रुतते, मशीनला कुबट वास येतो आणि ओल मोटरपर्यंत पोचते. हेअर ड्रायरने वाळवू नका, फोम आणि डिंक दोन्ही बिघडतात. हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा घड्यांचा फिल्टर, तर फार बारीक काम करतो. अमेरिकेतल्या मापाप्रमाणे तो ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो. त्याच्या घड्या ब्रशने जोरात घासल्या तर धागे तुटतात, आणि मग तो दिसायला स्वच्छ पण कामाला फुकट. धुण्याजोगा नसेल तर बदला.

भिंत घासल्यावर पडलेली पांढरी पूड, सिमेंट, राख हे घरगुती मशीनने ओढू नका. फिल्टर काही मिनिटांत तुंबतो. राखेत निखारा असला तर पिशवी पेटूही शकते. काचेच्या तुकड्यांनी पिशवी आणि पाइप दोन्ही फाटतात.

फिरत्या ब्रशला केस आणि दोरे गुंडाळले जातात. प्लग काढून ब्रश उलटा करा. बहुतेक ब्रशना लांबीभर एक खाच असते, तिच्यातून कात्रीचं टोक घालून गुंता कापा आणि मग ओढा. न कापता ओढलात तर केसांबरोबर ब्रशचे धागेही येतात. दोन्ही टोकांच्या टोप्या निघत असतील तर काढून बघा. तिथे केसांची घट्ट कडी बसलेली असते आणि तिनेच ब्रश जड फिरतो. जळक्या रबराचा वास आला तर ब्रश फिरवणारा रबरी पट्टा घसरतोय. सैल किंवा तडकलेला पट्टा बदला.

आपोआप गुंडाळणाऱ्या वायरवर बऱ्याचदा आधी पिवळी, मग लाल खूण असते. पिवळी दिसली की थांबा, लालच्या पुढे ओढलीत तर आत वायर तुटते.

बिनवायरच्या मशीनची लिथियम बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवू नका. बराच काळ वापरायचं नसेल तर साधारण अर्धी भरून, उन्हापासून लांब ठेवा.

मशीन चालता चालता एकदम बंद पडलं तर घाबरू नका. तापल्यावर वीज तोडणारी सोय पुष्कळ मशीनमध्ये असते. प्लग काढा, तुंबलेलं साफ करा, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, मोटरपाशी ठिणग्या मोठ्या दिसत असतील किंवा जळकट वास येत असेल तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजलेले असू शकतात. ते काम घरी करू नका. दुरुस्तीला देताना नुसतं मशीन आणू नका. पाइप, दांडा, ब्रश सगळं सोबत आणा, आणि पिशवी तेवढी आधी रिकामी करा.