आधी तारीख, मग कात्री

आमच्याकडे पेपर सकाळी सव्वासहाला पडतो आणि वहीत चिकटवायची कात्रणं मी रात्री जेवणं उरकल्यावर कापते. मधे कात्रीला हात लावायचा नाही. हे अनुभवाचे बोल आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सकाळी सकाळी भरल्या वांग्याची कृती कापून घेतली, आणि तिच्या पाठीमागे निघालं मामंजींचं शब्दकोडं. ते बोलले काहीच नाहीत. पान डोळ्यांसमोर धरून त्या भोकातून माझ्याकडे बघत राहिले.

म्हणून आधी पान उलटून बघा. मागचंही हवं असेल तर झेरॉक्स काढा.

मग शिसपेन्सिल घ्या. शाई या कागदावर फुटते आणि बॉलपेन जोर दिला की आरपार जातं. कडेला पेपरचं नाव, आवृत्ती आणि अंकाची पूर्ण तारीख लिहा. कापायच्या आधी, बरं का. नंतर कोणाच्या लक्षात राहतंय? बातमीत नुसतं ‘सोलापूर, ता. ३०’ असतं, ना महिना ना साल. आत ‘काल पहाटे’. कुठला काल? किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी. माझ्याकडचं कात्रण मात्र १ ऑक्टोबरच्या अंकातलं आहे. अशा वेळी मी दोन्ही तारखा टाकते. आवृत्ती अशासाठी, की सोलापूरच्या अंकात पहिल्या पानावर असलेली बातमी पुण्याच्या अंकात असेलच असं नाही.

‘पान ७ वर’ असं खाली दिसलं, तर ते शेपूटही लगेच कापून टाचणीनं जोडा. माझ्या वहीत बिनशेपटाच्या सहा-सात बातम्या आहेत, अजून चुटपुट लागते.

चिकटवायला पातळ डिंक नको, कागदाला सुरकुत्या पडतात. मी मैद्याची खळ करते. चमचाभर मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. चमच्यावरून जड घसरायला लागली की उतरवा. त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), नाहीतर झुरळं वही खातात. मोरचूद विषारी, तेव्हा भांडं कायमचं वेगळं ठेवा. खळ पूर्ण गार झाली की वहीच्या पानाला पातळ लावा, कात्रणाला नाही. मधून कडेकडे हात फिरवा आणि वही रात्रभर तांदळाच्या डब्याखाली ठेवा.

तरी कागद पिवळा पडणारच. पेपरचा कागद होतो लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावाचं लाकडातलंच द्रव्य असतं, ते उजेडानं नि हवेनं रंग बदलतं. वही बंद कपाटात ठेवली की वेग कमी होतो, एवढंच. लॅमिनेशनच्या फंदात पडू नका, एकदा केलं की कागद पुन्हा सुटत नाही.

जाहीर नोटीस मात्र कापायचीच नाही. जमिनीची असो, नाव बदलल्याची असो, अख्खं पान घडी घालून फाईलला लावा. वकिलाला वरची पेपरच्या नावाची आणि तारखेची छापील ओळ लागते. तिथं आपली शिसपेन्सिल चालत नाही.