डॉक्टरने ‘एफएमटी’ सांगितलंय? आधी हे वाचा

आमच्या काकूला डॉक्टरने एफएमटी सांगितलं तेव्हा घरात आधी हशाच पिकला, म्हणजे निरोगी माणसाची शी सलाईनच्या पाण्यात कालवायची, गाळायची आणि दुर्बिणीतून पेशंटच्या आतड्यात सोडायची. काकू म्हणाली, त्यापेक्षा मेलेली बरी.

पण अँटिबायोटिक घेऊन घेऊन पोटातले चांगले जंतू संपले की सी डिफ नावाचा जंतू माजतो, मग जुलाब थांबतात, परत लागतात, परत थांबतात. २०१३ साली छापून आलेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात अशा १६ पेशंटपैकी १३ एफएमटीच्या पहिल्याच डोसला बरे झाले. तेव्हा आधी शीची टेस्ट करून सी डिफच आहे ना ते बघा, नुसत्या गॅस-अपचनाला कोणी हे करून देतो म्हणाला तर तिथून उठा.

खरं काम डोनरचं. घरातला धडधाकट पोरगा पुढे येतोच, पण दिसण्यावर जाऊ नका. एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, जंत, औषधांना दाद न देणारे जंतू, सगळं तपासायला लागतं. गेल्या तीन महिन्यात अँटिबायोटिक घेतलं असेल तर बाद, आमचा भाऊ तिथेच गेला, दाढ काढली तेव्हाच्या गोळ्या विसरला होता. शेवटी जावयाचे रिपोर्ट चांगले आले, आणि जावयाचं कसं घेऊ म्हणून काकू दोन दिवस फुगून बसली! यूट्यूब बघून घरी मिक्सर लावणारे आहेत, ते अजिबात नको, अमेरिकेत नीट न तपासलेल्या शीमुळे पेशंट दगावल्याचं तिथल्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) २०१९ मध्ये जाहीर केलंय.

गुहागरवरून मुंबई गाठायची तर एसटीने नको, परशुराम घाटात अडकलात तर जाणार कुठे, चिपळूणवरून ट्रेन पकडा आणि संडासाजवळची सीट मागून घ्या (आयुष्यात पहिल्यांदाच). सोबत ओआरएस. आधीचं अँटिबायोटिक कधी बंद करायचं ते डॉक्टरला विचारा, चालू राहिलं तर नवे जंतूही मरतील. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध असतं, आणि आतड्यात सोडल्यावर जमेल तेवढा वेळ धरून ठेवायचं.

घरी आल्यावर संडास ब्लीचने धुवा, हात साबणाने, सॅनिटायझरला सी डिफचे बीजाणू भीक घालत नाहीत. काकूला पहिले काही दिवस उकड्या तांदळाची पेज आणि मीठच दिलं, सुकटीसाठी रुसली तरी. ताप आला, पोट फुगलं, रक्त पडलं तर लगेच फोन करा. आणि पुढे साध्या सर्दीला कोणी अँटिबायोटिक लिहायला लागला तर आधी ही फाईल त्याच्या टेबलावर ठेवा.