कॉलेजच्या पहिल्या वर्षी वजन वाढू नये म्हणून

पहिल्या वर्षी 15 पौंड, म्हणजे जवळपास सात किलो वजन वाढतंच, हा समज अमेरिकेतून सगळीकडे पसरला. अभ्यासांत आढळलेली सरासरी वाढ मात्र दीड-दोन किलोंच्या आसपास आहे आणि अनेकांचं वजन वाढतही नाही. शिवाय अठराव्या वर्षी अंग अजून भरत असतं, त्यामुळे काटा थोडा पुढे सरकला तर घाबरू नका. लक्ष ठेवायचं ते विनाकारण चढणाऱ्या चरबीवर. ती बहुतेक वेळा दोन जेवणांच्या मधल्या खाण्यापिण्यातून येते, जेवणातून नव्हे.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने 7,700 कॅलरी. दिवसाला तीन कप कॉफी आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेतली, तर ती 24 ग्रॅम साखर होते. म्हणजे जवळपास 100 कॅलरी. बाकी काहीही न बदलता एवढीच भर पडत राहिली, तर अडीच-तीन महिन्यांत किलोभर वजन वाढू शकतं. 330 मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण 35 ग्रॅम साखर असते, आणि ते पिऊन पोट भरल्यासारखंही वाटत नाही. म्हणून सुरुवात पेयांपासून करा. कॉफीतली साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करा, जीभ जुळवून घेते. पाण्याची बाटली दप्तरात हवीच. मद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात आणि ते प्यायल्यावर खाण्यावरचा ताबाही सुटतो.

वेळापत्रकात जेवण लिहा

लेक्चरचं वेळापत्रक हातात आलं की त्याच कागदावर तिन्ही जेवणांच्या वेळा लिहून टाका. दुपारी सलग तास असतील तर त्या दिवशी डबा न्या किंवा तास सुरू होण्याआधी जेवून घ्या. हे ठरलेलं नसेल तर जेवण चुकतं, चार वाजता हाताला लागेल ते पाकीट फोडलं जातं आणि रात्री दुप्पट जेवलं जातं. "सकाळी उपाशी राहून भरपाई करू" हा हिशेबही बहुतेकांच्या बाबतीत संध्याकाळी असाच कोलमडतो.

मेसमध्ये ताट घेण्याआधी सगळे पदार्थ एकदा पाहून घ्या. अर्धं ताट भाज्यांचं, पाव भाग डाळी, कडधान्यं, अंडी, मासे किंवा मांस यांचा आणि उरलेला पाव भाग धान्याचा. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी दहा मिनिटं थांबा. तळलेलं रोज असेल तर त्याचे दिवस ठरवा. पूर्ण बंदी घातली तर ती फार काळ टिकत नाही.

रात्रीचं जागरण

सर्वात जास्त घसरण इथे होते. आठला जेवून दोनपर्यंत जागलात तर मधे सहा तास जातात आणि लागलेली भूक खरी असते. तिच्याशी भांडू नका, तिची आधीच सोय करा. अकराच्या सुमारास 200 कॅलरींच्या आतलं काहीतरी खा: मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे, किंवा एक उकडलेलं अंडं आणि एक फळ. टेबलावर मोठं पाकीट ठेवून वाचायला बसू नका. वाटीत काढून घ्या आणि पाकीट कपाटात ठेवा, कारण लक्ष पुस्तकात असताना हात थांबत नाही.

झोप कमी झाली की भूक वाढवणारी संप्रेरकं जोर धरतात आणि गोड-तेलकट खावंसं वाटतं. या वयात सात ते नऊ तास झोप लागते. कॉफीचा अंमल बराच काळ टिकतो, म्हणून दुपारनंतर ती टाळा.

हालचाल

शाळेतला खेळाचा तास कॉलेजात नसतो आणि त्याची उणीव चटकन लक्षातही येत नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं किंवा तेवढ्याच श्रमाचा व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. जोर-बैठका खोलीतही होतात. मात्र साठ किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून जेवढं खर्च केलं, तेवढं एका शीतपेयाने भरून येतं. त्यामुळे फक्त चालण्यावर विसंबून राहू नका.

काटा कसा वाचायचा

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्याआधी वजन करा. पाणी, मीठ, मासिक पाळी यांमुळे ते किलो-दोन किलो सहज वरखाली होतं. चार आठवड्यांचा कल सतत चढता दिसला तर जेवण कापू नका. आधी पेयं, रात्रीचं खाणं आणि झोप तपासा. एवढं करूनही वजन वाढतच राहिलं किंवा नवीन औषध सुरू केल्यापासून वाढू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. खाल्ल्यावर अपराधी वाटून ओकारी काढावीशी वाटते, दिवस दिवस उपाशी राहिलं जातं किंवा डोक्यात सतत कॅलरींचेच आकडे फिरतात, अशी अवस्था असेल तर वजन मोजणं थांबवा आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा.